दोन नंबरचा ब्रश

फैजपुरात आता पाट्या कुणी रंगवून घेत नाही.
फ्लेक्स तासाभरात येतो, वर मालकाचा फोटोही.
माझे ब्रश रॉकेलच्या डब्यात उभे होते.
एक दोन नंबरचा मात्र धुऊन कामाला लावला,
सकाळी सकाळी, गिलक्याच्या वेलाशी.
नरफुलातली पिवळी भुकटी टिपायची,
मादीफुलाच्या बोंडावर टेकवायची,
अक्षरावर मात्रा देतात तशी, हलक्या हाताने.

मादीफुलाखाली करंगळीएवढं गिलकं आधीच असतं.
कुणी आलं तर भरतं.
नाही आलं तर चौथ्या दिवशी पिवळं पडून
खाली.

गावाभोवती केळी, बघाल तिकडे केळी.
तिला कुणाची गरज नाही,
माशी बसली काय, न बसली काय, घड निसवतो.
गिलक्याचं तसं नाही.
त्या महिन्यात पंचवीस फुलं रंगवली, सात धरली.
दमयंती म्हणाली,
"मजुरी धरली तर दोनशे रुपये किलोनं पडतीन."

मग ज्यांचं काम त्यांनाच बोलवायचं ठरवलं.

बोलवायचं म्हणजे बरंचसं काही न करणं.
कोथिंबीर उपटली नाही, फुलू दिली.
कोंब आलेले चार कांदे तसेच पुरले, त्यांना डोंगळे आले.
तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या नाहीत,
यावर घरात दोन दिवस अबोला.
मातीच्या परळात पाणी, पाण्यात तापीतले खडे,
पाय टेकायला.
मागच्या उन्हाळ्यात हौदात बुडालेल्या
मी चहाच्या गाळणीने काढायचो,
पायरीवर उन्हात ठेवायचो.
काही उठायच्या.

फाल्गुनात आल्या. फुलोरी. लहानशा.
लिंबाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं.
शेजारचे बेंडाळे म्हणाले,
"जाळून टाका, नातवाले चावतीन."
म्हटलं, नातवाला घेऊन या.
तो आला, चार हातांवर उकिडवा बसला,
बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"एकीचं तरी नाव सांगा ना."

राहिला रमजान तडवी.
पाठीवर पंप, परसापरसांत फवारत फिरतो,
त्याच्या बाटलीवर लाल त्रिकोण.
कुठेतरी वाचलं होतं, माशीला लाल दिसत नाही,
काळं दिसतं.
चाळीस वर्षं मी 'धोका' लालच लिहीत आलो,
डीपीवर, विहिरीच्या काठावर, टँकरच्या पाठीवर.
तिच्या लेखी सगळा नुसता अंधार.

रमजानला थांबवलं.
"सकाळी गारवा असतो चाचा, म्हणून सकाळी."
"त्याही गारवा बघूनच निघतात."
त्याने पंप उतरवला. चहा झाला.
"दिवे लागल्यावर येऊ मग?"
ये. उघड्या फुलावर मारू नको.
"मी आयकीन. लोकं आयकतीन का?"

म्हणून डबा उघडला. निळा काढला.
निळा तिला दिसतो म्हणतात.
लिहायचं होतं माणसांसाठी, तरी निळाच काढला.
कंपाउंडच्या भिंतीवर, गल्लीच्या बाजूला:
*या गल्लीत फवारणी दिवेलागणीनंतर*
शिरोरेषा एका दमात ओढली.
'फ'च्या पोटात हात जरा थरथरला,
ते मलाच कळेल.

वैशाखात एका दुपारी पोळं रिकामं.
मी परळ बघितला, बाटलीचा वास घेतला, लिंबाचं पान चोळलं.
"जातातच त्या," रमजान म्हणाला,
"पालकडच्या जंगलात गेल्या असतीन."
फांदीवर मेण उरलं, पतंगाच्या कागदाइतकं हलकं.
वेलावर अकरा गिलकी, एक दमयंतीने बियाण्याला राखलेलं.
परळ दुपारपर्यंत आटतो. मी भरतो.
बेंडाळ्यांचा नातू येऊन खडे सारखे करून जातो.

काल मागच्या गल्लीतला एक जण विचारत आला,
असंच आमच्या भिंतीवर लिहायचे किती?
फ्लेक्स नको, उन्हाने उडतो.

भिंत बघायला गेलो.
आधी त्यांचा हौद बघितला.